पडद्यामागचा डावखुरा

“तो मेला डावखुरा कशाला दाखवलान रे?” मथूनं विचारलं आणि मी हसलो. आधी हसायचं, मग ऐकायचं आणि वेळ उरलाच तर विचार करायचा, अशी माझी जुनी रीत. संध्याकाळचा खेळ सुटला होता. माळनाक्याच्या सड्यावरून माणसं कंदील घेऊन चारी वाटांनी उतरत होती आणि आम्ही दोघं भावंडं मांडवीच्या उतारानं घरी निघालो होतो. “डावखुरा कुठला गो? चांगला उजवा हाय,” मी म्हणालो. तिनं ऐकलं नाही. मी तिच्या उजव्या अंगाला चालत होतो आणि मथूच्या उजव्या कानाला गेली दोन वर्षं ऐकू येत नव्हतं. हे मी विसरलो होतो असं नाही. मुद्दाम त्या बाजूनं बोलायची मला खोडच होती. मी मागून वळसा घालून तिच्या डाव्या अंगाला आलो आणि पुन्हा म्हणालो, “उजव्या हातानं मारतो तो. तीन आठवडे रोज बघतोय मी.”

“मी पन रोज बगतंय,” मथू म्हणाली. “डाव्यानं मारतो.” आणि तिनं कंदील या हातातून त्या हातात घेतला.

आता हे डाव्या-उजव्याचं प्रकरण समजायचं तर आधी सिनेमाचा तंबू समजला पाहिजे. तंबूच्या मधोमध एक पांढरं कापड ताणलेलं असे. खेळाच्या आधी दोन माणसं बादल्यांनी ते चिंब भिजवत, म्हणजे चित्र कापडातून आरपार जाई आणि दोन्हीकडून दिसे. यंत्राच्या बाजूला पुरुष बसत, कापडाच्या मागे बायका. मालक एका तिकिटात दोन सिनेमे दाखवत होते आणि हे खुद्द मालकांच्या ध्यानात आलेलं नव्हतं. मागच्या बाजूला सगळं उलटं दिसे. सिनेमा मुका, त्यातली अक्षरं उलटी, म्हणून मालक ती भोंग्यातून मोठ्यानं वाचून दाखवत. पुढून उजवीकडे पळणारं सैन्य मागून डावीकडे पळे, तरी दोन्हीकडे हरेच. पुढच्या बाजूला उजव्या हातानं चाबूक उगारणारा इनामदार मागच्या बाजूला डाव्या हातानं उगारी. मी कापडाच्या पुढे, कडेला बसून पेटी वाजवत होतो. पेटीवाल्याला पलीकडे जायचं काम पडत नाही.

उतारावर फणसाच्या झाडापाशी मी थांबलो. आमच्या नात्यात डावखुरा माणूस एकच होता. मथूचा नवरा काशीराम, मंडणगडचा वाणसामानाचा दुकानदार. लग्नात घास भरवताना त्याचा डावा हात पुढे आला आणि मग त्यानं घास उजव्यात घेतला तेव्हा सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या आणि मी मोठ्यानं म्हणालो होतो, “मथू, सांभाळ गो, हा जेवायला उजवा आणि बाकी सगळ्याला डावा.” मांडवात हशा पिकला. काशीरामही हसला. माझ्या विनोदाला काशीराम नेहमी सगळ्यांत मोठ्यानं हसे, त्यामुळे तो मला आवडत असे. आता फणसाखाली मी हवेत एक काशीराम उभा केला, माझ्याकडे तोंड केलेला, आणि त्याचा डावा हात उचलला. तो माझ्या उजव्या कानावर आला. पुन्हा उचलला. पुन्हा उजव्याच कानावर आला. मागून येणाऱ्या दोघांना वाटलं की मी सिनेमातल्या इनामदाराची नक्कल करतोय. ते हसले आणि “पुन्यांदा कर” म्हणाले.

मथू पुढे जाऊन थांबली होती. मी तिच्याजवळ गेलो आणि विचारलं, “कान विहिरीवर पडून गेला नाय ना?” तिच्या उजव्या बाजूनं विचारलं. त्या कानालाच विचारलं म्हणायचं. कानानं उत्तर दिलं नाही. मथू म्हणाली, “कंदिलाची वात वर कर रे जरा.”

विहिरीवर पडली, असं दोन वर्षांपूर्वी मंडणगडाहून पत्र आलं होतं. पायरीवर शेवाळ होतं, कान आपटला, आता बरं आहे, काळजी नसावी. आम्ही काळजी केली नाही. ती माहेरी आली तेव्हा मान थोडी वळवून, डावा कान पुढे करून ऐकायला लागली होती आणि मला त्यात एक खेळ सापडला. मी तिच्या उजव्या बाजूला जाऊन गंभीर चेहऱ्यानं बोलायचो. “राणीसाहेब, विलायतेची बोट लागली, आपल्याला न्यायला लाटसाहेब आलेत.” शेजारच्या बायका पोट धरून हसायच्या, आमची आई येसूबाई पदरात तोंड घालून हसायची आणि मथूही हसायची. तिला काय बोललो ते कळायचं नाही. समोरचे हसतात म्हणजे काहीतरी हसण्यासारखं असणार, तेवढ्या विश्वासावर ती हसायची. दोन वर्षांत मी ते किती वेळा केलं असेल? माझी गंमत अशी की मी एकदा चाललेला विनोद सोडत नाही.

त्या रात्री मी जेवलो नाही. आईनं विचारलं तर म्हणालो, पेटीनं माझी भूक खाल्ली. ती हसली. अंथरुणावर पडून मी तो सिनेमा डोक्यात पुन्हा लावला. त्याच्या नावात ‘सती’ होतं, तेव्हा सगळ्यांच्याच नावात असे. मधल्या भागात दिवाळी. अंगणात पणत्या, एक लहान मुलगी चंद्रज्योत घेऊन हसतेय, पुढचे दोन दात पडलेले. आत, दाराला कडी लावून, इनामदार बायकोवर चाबूक उगारतोय. मग अंगण. मग आत. मग अंगण. असं सात वेळा. माणसं या भागाला पुन्हा पुन्हा येत. हातखंब्याहून बैलगाड्या करून येत. आणि का येत, तर आमच्या वाजवण्यासाठी. ही माझी आणि तबलजी बाबल्याची करामत. चाबूक वर गेला की मी वरच्या पट्टीत सूर धरून ठेवायचा आणि चाबूक खाली आला की बाबल्यानं डग्ग्यावर असा हात मारायचा की पुढच्या रांगेतल्यांच्या पोटात धस्स व्हावं. पहिल्याच दिवशी शिट्ट्या आल्या. दुसऱ्या दिवशी लोक आमच्याबरोबर “एक, दोन” म्हणायला लागले. सातव्या फटक्याला सगळा तंबू एका आवाजात “सात” म्हणे, आणि मला वाटे की आपण कलावंत झालो.

पण पडल्या पडल्या मला एक आठवलं आणि मी उठून बसलो. चाबूक पडताना त्या चित्रात एकदाही दिसत नाही. मी सातही वेळा मनात मोजून पाहिलं. चाबूक वर जातो, आणि चित्र तुटून अंगणातली पोर दिसते, तिची चंद्रज्योत, तिचे पडलेले दात. परत आत येतो तेव्हा चाबूक खाली आलेला असतो. मधलं त्या चित्र काढणाऱ्यानं काढलेलंच नव्हतं. मोठा लबाड माणूस. त्यानं तिथे एक भोक ठेवलं होतं आणि भोकाच्या काठावर एक हसणारी पोर बसवली होती, म्हणजे ज्याला त्याला आपापल्या मनातलं त्यात पडलेलं ऐकू यावं. आणि आम्ही दोघांनी काय केलं, ते भोक डग्ग्यानं बुजवलं. फटका चित्रात नव्हताच, बाबल्याच्या हातात होता. मारत बाबल्या होता आणि कधी मारायचं ते मी सांगत होतो. पलीकडे, ओल्या कापडामागे, माझी बहीण बसून ते ऐकत होती. एका कानानं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मथू पडवीत सुकट निवडत बसली होती. मी आधी कुठल्या बाजूला बसायचं ते ठरवलं आणि डाव्या बाजूला बसलो.

“रोज तोच खेळ बघायला कशाला येतंस?” मी विचारलं. “मला वाटायचं, माझी पेटी ऐकायला.”

“तुजी पेटी काय ऐकायची? भजनात पन तेच वाजवतंस.”

“मग?”

तिनं सुकटातला एक शिंपला काढून बाजूला टाकला. “बगतंय, ती बाय कदी तरी त्याचा हात धरते काय.”

“मथू, ते चित्र हाय गो. काल होतं तेच आज, तेच उद्या. पट्टी गुंडाळून डब्यात ठेवतात. ती आज कुठून हात धरणार?”

“ता मला म्हाईत हाय,” ती म्हणाली. “तरी बगतंय.”

मला यावर काहीतरी गमतीदार बोलता आलं असतं. दोन-तीन गोष्टी जिभेवर आल्याही. त्या तिथेच बसून राहिल्या, बोट चुकलेल्या उतारूंसारख्या. शुक्रवारच्या बोटीनं काशीराम येणार होता आणि शनिवारच्या बोटीनं तिला बाणकोटमार्गे मंडणगडला नेणार होता. आईनं लाडू वळायला घेतले होते. मी उठलो आणि बाबांकडे बंदरावर गेलो.

आमचे बाबा गंगाराम तांडेल. आगबोट मांडवीच्या बंदरात लांब उभी राही आणि धक्क्यापासून बोटीपर्यंत उतारूंना ने-आण करणारा पडाव बाबांचा. लाटेवर पडाव वर आला की नेमक्या क्षणाला उतारूचा हात धरून त्याला बोटीच्या शिडीवर चढवायचं, ही त्यांची विद्या. तीस वर्षांत एकही माणूस पाण्यात गेला नव्हता. अशा माणसाच्या पोटी मी जन्मलो, आणि मला धक्क्यावर बांधलेल्या पडावातही ओकारी येते. तांडेलाचा मुलगा पाण्यात टिकेना म्हणून पेटीवर बसवला. आळीतल्या लोकांना मी काही न बोलताही विनोदीच वाटायचो.

बाबा पडावाच्या भेगांत काथ्या ठोकत होते. मी सगळं सांगितलं. कान, विहीर, डावा हात.

“ह्यां तुला कोन बोल्लं?” बाबांनी विचारलं. “मथू बोल्ली?”

“नाय. मी ओळखलं.”

“कशावरनं?”

“सिनेमावरनं,” मी म्हणालो.

बाबांनी हातोडी खाली ठेवली आणि ते हसायला लागले. त्यांच्याबरोबरचे दोन खलाशीही हसले. एक जण म्हणाला, “तांडेल, पोरगा आता पेटीवर कज्जे चालवनार.” मी म्हणालो, “मी खरं बोलतोय.” त्यावर ते जास्त हसले, कारण हे वाक्य मी प्रत्येक थापेच्या शेवटी म्हणत असे आणि ते त्यांना पाठ होतं. मग बाबा जरा समजुतीनं म्हणाले, “काशीराम देवमानूस हाय रे. मागच्या शिमग्याला माज्यासाठी घोंगडी घेऊन आलान. उगाच कायतरी तोंडातनं काढू नको. जावयाच्या कानावर गेलं तर पोरीला जड जाईल.” त्यांच्या बोलण्यातही अर्थ होता. मी आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो आणि माझ्या आजवरच्या सगळ्या विनोदांत त्यालाच सर्वांत मोठा हशा मिळाला.

परत येताना बंदराची वाळू तापलेली होती आणि मी अनवाणी होतो, हे मला घरी आल्यावर पायांवरून कळलं. मनात एकच गोष्ट फिरत होती. मला बोलता येत नाही, म्हणजे मी बोललेलं कुणाला ऐकू येत नाही. मी सगळ्या गावाच्या उजव्या बाजूला उभा आहे. ठीक आहे. मग मी बोलणारच नाही.

“आज चाबकाला हात मारायचा नाय,” संध्याकाळी तंबूत मी बाबल्याला सांगितलं.

“मग कशाला मारायचा?”

“कशालाच नाय. गप बसायचं.”

बाबल्या हा विचार करणारा माणूस नव्हे. तो म्हणाला, “खंडू, हात आपोआप पडतो रे.” यावर उपाय म्हणून चाबकाचा भाग सुरू झाला तेव्हा त्यानं दोन्ही हात मांडीखाली घातले आणि हातांवर बसला. मी भाता सोडला. चाबूक वर गेला. नुसता यंत्राचा टरटर आवाज. पोर हसली. नुसता टरटर. लोक “एक” म्हणाले, पण अर्धेच, आणि त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. “दोन” फक्त तिघे म्हणाले. तिसऱ्याला कुणीच काही म्हणालं नाही. पुढच्या रांगेतला एक जण ओरडला, “वाजवा रे, मेल्यांनो.” चौथ्याला तो उठला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. तो कुणाच्या आठवणीनं उठला मला ठाऊक नाही, त्याची बायको की आई की त्याचा स्वतःचाच हात. कापडामागून एक बाई नाक ओढत होती, मग दोन, मग मोजता येईनात. बाबल्या माझ्याकडे बघत होता आणि त्याचे डोळे भरले होते. त्यालाही तीन आठवड्यांत पहिल्यांदाच सिनेमा दिसत होता.

खेळ सुटल्यावर मालक आले. ते घाटावरचे, कोल्हापूरकडचे, आवाज भोंग्यासारखा. “आरं पेटीवाल्या, काय चालवलंयस? मानसं रडाय लागल्यात की रं.”

“चित्र रडण्यासारखं आहे, मालक.”

“मानसं चार घटका मजा कराय येत्यात. रडाय घरी जागा न्हाई व्हय त्यास्नी? उद्या चाबकाला वाजीव. न्हाई वाजीवलंस तर पेटी उचल आनि चालू लाग. मी हितं तुझ्या मागंच हुबा ऱ्हानार.”

“चाबकाला वाजवतो,” मी म्हणालो. “शब्द देतो.” मी दिलेला शब्द पाळतो. फार थोडे लोक मला शब्द मागतात म्हणून ते कुणाला माहीत नाही.

शुक्रवारी काशीराम आला. धोतर धुतलेलं, डोक्याला तेल, आईसाठी सुपारीचा पुडा. सगळ्यांना आवडावा असाच माणूस. मथूशी बोलताना आवाज मऊ. मला म्हणाला, “काय पेटीमास्तर, तुमचं नाव मंडणगडपर्यंत आलंय,” आणि माझ्या पाठीवर थाप मारली. डाव्या हातानं. थाप हलकी होती. मी ती सबंध दुपारभर पाठीवर वागवली. तो मला एखादी गोष्ट सांगा म्हणाला, मी लाटसाहेबाची सांगितली, आणि तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मथूनं पाणी आणून दिलं. तेव्हा मला दिसलं की ती नेहमी त्याच्या डाव्या हाताच्या पलीकडे, हात लांबवूनही पोचणार नाही एवढं अंतर ठेवून उभी राहते. हे अंतर दोन वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी त्याला मर्यादा समजत होतो.

बाबांनी जावयाला सिनेमाला आणला. पुढच्या रांगेत मानाच्या तीन खुर्च्या होत्या. एकीवर काशीराम, पलीकडच्या टोकाला बाबा. मधली मालकांची, ती रिकामी, कारण मालक भोंगा घेऊन माझ्या मागे उभे होते. मथू आणि आई कापडामागे. कापड भिजवलं, यंत्र फिरायला लागलं. पहिल्या भागात मी इतकं चांगलं वाजवलं की मालकांनी एकदा “व्वा” म्हटलं. काशीरामनं दोनदा मान वळवून माझ्याकडे कौतुकानं बघितलं. मग दिवाळी आली.

चाबूक वर गेला आणि मी मथूच्या हळदीचं गाणं वाजवलं. आमच्या आळीत हळद लावताना बायका म्हणतात ते, सावकाश, गोड, शेवटी जरा रेंगाळणारं. बाबल्यानं बोटांच्या टोकांनी ठेका धरला. चाबकाला वाजवलं, शब्द दिल्याप्रमाणे. आणि अंगण आलं, पोर हसली, चंद्रज्योत फुलायला लागली, तसा मी भाता बंद केला. काही नाही. टरटर. परत आत, परत हळदीचं गाणं. परत अंगण, परत काही नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्या लबाड माणसानं जिथे भोक ठेवलं होतं तिथे मी भोकच राहू दिलं, आणि त्याच्या काठावर हसणाऱ्या पोरीशेजारी आमची मथू बसवली, हळदीनं पिवळी, वय वर्षे सोळा. मागून मालकांचा हात माझ्या खांद्यावर पडला. “हे काय वाजीवतुयास?” ते दातांतून म्हणाले. “चाबकाला वाजवतोय,” मी म्हणालो आणि भात्यावरचा हात काढला नाही. खांदा ओढला गेला, पण भाता चालवायला मला खांदा लागत नव्हता, मनगट पुरत होतं. लोक मोजत नव्हते. कुणी शिटी मारली नाही.

तिसऱ्या वेळी कापडावर एक सावली आली. आधी मला वाटलं, कुणी उठलं असेल. मग सावली मोठी झाली, तिला पदर होता. मथू कापडाला वळसा घालून पुरुषांच्या बाजूला आली होती. या बाजूला बाई येत नसे. तशी पाटीही होती. ती यंत्राच्या उजेडातून चालत आली, इनामदार तिच्या पाठीवर पडला, मग तिच्या तोंडावर, आणि क्षणभर चाबूक तिच्या लुगड्याच्या घड्यांत वाकडा-तिकडा झाला. ती मधल्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसली. काशीराम तिच्या उजव्या बाजूला, बाबा डाव्या. तिनं मान वर केली आणि पडद्याकडे बघायला लागली.

“हितनं उजवा दिसतो,” ती बाबांना म्हणाली. एवढंच. बाबांना त्यातलं काही कळलं नसावं, पण गुरुवारचं आठवलं असावं, कारण ते खुर्चीत जरा सरळ बसले.

चौथा चाबूक वर गेला. हळदीचं गाणं सुरू झालं, आणि त्या गाण्याच्या आडून काशीराम मथूकडे वाकून बोलायला लागला. चेहऱ्यावर हसू, लोकांसाठी. तो तिच्या उजव्या कानात बोलत होता. त्यानंच बंद केलेल्या दारावर तो टकटक करत होता आणि आत कुणी नव्हतं. मथू पडद्याकडे बघत राहिली. तिनं ऐकलं नाही म्हणून त्यानं आवाज वाढवला. गाणं चालू आहे, कुणाला ऐकू जाणार आहे, अशा हिशेबानं वाढवला. त्याला काय माहीत की अंगण आलं की मी थांबतो. सगळ्या जगात त्या जागी वाजवतात. पोर हसली, मी भाता सोडला, बाबल्यानं बोटं उचलली, आणि सगळ्या तंबूच्या शांततेत काशीरामचा मऊ आवाज स्वच्छ ऐकू आला, “घरी चल तू. दुसरा कान पन फोडतो.”

टरटर. पडद्यावर पोर दात नसलेलं तोंड उघडून हसत होती.

काशीरामच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच होतं, काढून ठेवायला त्याला जागा मिळेना. मागच्या रांगेतला तो खलाशी, मला पेटीवर कज्जे चालवायला लावणारा, तोंडातली विडी हातात घेऊन बसला होता. बाबा काशीरामकडे बघत नव्हते. ते मथूच्या कानाकडे बघत होते. बराच वेळ, म्हणजे पाचव्या आणि सहाव्या चाबकापर्यंत. मग त्यांनी आपल्या मुंडाशाचं टोक घेतलं आणि त्यानं डोळे न पुसता, नाक पुसलं. सातव्याला मालकांनी पेटीचं झाकण माझ्या बोटांवर बंद केलं. तीन बोटं सुजली. बाकीचा सिनेमा मुका झाला, मालक भोंग्यातून अक्षरं वाचत राहिले आणि सती शेवटी स्वर्गात गेली. तिथे जायला तिला मागच्या बाजूनं डावीकडे आणि पुढच्या बाजूनं उजवीकडे वळावं लागलं.

शनिवारी बाबांनी काशीरामला स्वतः पडावात घेतलं. एकट्याला. मथूची ट्रंक पडवीतच होती, आणि तिच्यावर आईनं लाडवांचा डबा ठेवला होता, ज्या कुणाला खायचे त्यानं खावेत म्हणून. काशीराम धक्क्यावर म्हणाला, “मामा, रागाच्या भरात मानूस बोलतो.” बाबा म्हणाले, “बस. वारा वाढतोय.” मीही पडावात चढलो. का चढलो, सांगता येत नाही. वल्ही पाण्याला लागायच्या आधीच माझं पोट फिरलं होतं.

बोटीच्या पोटाशी पडाव लागला. लाटा मोठ्या होत्या. एक एक उतारू बाबांनी हात धरून शिडीवर चढवला, शेवटी काशीराम राहिला. त्यानं सवयीनं डावा हात पुढे केला. बाबांनी तो मनगटात धरला. पडाव वर गेला, चढवायचा क्षण आला, बाबांनी चढवलं नाही. पडाव खाली गेला. काशीरामचा एक पाय शिडीवर, एक पडावात, मध्ये हिरवं पाणी. पुन्हा वर गेला, पुन्हा खाली. “मामा,” काशीराम म्हणाला. बाबा तसेच हात धरून उभे राहिले. वरून बोटीवरची माणसं ओरडायला लागली. मला पुढचं नीट दिसलं नाही, कारण मी पडावाच्या दुसऱ्या काठावर वाकलो होतो. पुढच्या एका लाटेला बाबांनी त्याला अलगद शिडीवर ठेवला, तीस वर्षं ठेवतात तसा, आणि मग हात सोडला. आणि म्हणाले, “परत हिकडं येऊ नकोस. पुढच्या येळेला सुटेल माज्यानं.”

घरी आलो तेव्हा मथू पडवीत होती. मालकांचा माणूस येऊन माझी पेटी दारात ठेवून गेला होता, वर खडूनं काहीतरी शिवी लिहून. तोच माणूस दोन दिवसांनी परत येऊन गेला. लोक विचारतायत म्हणे, ते न वाजवणारे कुठे गेले, रडायला मंडळी मिरजोळ्याहून आलीत. मी म्हणालो, मधली खुर्ची बायकांना दिलीत तर येतो. अजून निरोप आलेला नाही. पण ते नंतरचं. त्या दिवशी मी तोंड धुतलं, मथूच्या डाव्या बाजूला जाऊन बसलो आणि म्हणालो,

“हात धरलान.”

ती सुकट निवडायची थांबली. “कुनी? तू?”

“बाबानं. मी ओकत होतो.”

तिनं माझ्याकडे बघितलं. मी विनोद केला नव्हता, आणि या वेळी तिला माझा शब्द न् शब्द ऐकू आला होता. मग ती हसली.